डब्यातली दुपार

बापाक पुर्वोकोंनी आयुष्यात तीन वेळा छाती फुगवून भाषण केलं आणि तिसऱ्या भाषणापायी त्यांच्या मुलीचं लग्न मोडायची पाळी आली. पहिलं भाषण मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात झालं, तेव्हा माइक बंद होता. दुसरं सासऱ्यांपुढे झालं, तेव्हा सासरे झोपले होते. तिसरं मात्र सेमारांगमधल्या त्यांच्याच वस्तीच्या सभागृहात, चालू माइकवर, दीडशे जाग्या माणसांपुढे झालं. अशा वेळी माणसाने जपून बोलावं, पण गणिताच्या मास्तरला हे कोण सांगणार?

प्रसंग त्यांच्या ॲपच्या उद्घाटनाचा होता. सोमवार-मंगळवार काय, ते शाळा-कचेरीपुरते. लग्न, घरभरणी, बारसं असलं काही निघालं की जावा बेटावर पाच वारांचा जुना आठवडा बघावा लागतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. कोण कुठल्या वारी जन्मला हे पूर्वी म्हातारी माणसं बोटांच्या पेरांवर मोजून सांगत. पुर्वोकोंनी सहा महिने खपून ॲप लिहिलं: जन्मतारीख आणि वेळ घाला, वार हजर. त्यातच सभागृहाची नोंदणीही घातली, कारण त्याशिवाय गल्लीचे प्रमुख उद्घाटनाला खुर्च्या देईनात.

उद्घाटनाला गंमत म्हणून सामना ठेवला होता. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला म्बाह वागियेम. म्बाह म्हणजे आजी, जसं बापाक म्हणजे श्रीयुत. वय ब्याऐंशी, आणि अख्ख्या वस्तीचे वार तिच्या बोटांवर. बापाक लुराह, म्हणजे वस्तीच्या कचेरीचे मुख्य, यांचा नातू आदल्या वर्षी रात्री आठला जन्मलेला. त्याचा वार कुठला? म्हातारी म्हणाली, क्लिवोन. यंत्र म्हणालं, वागे. सगळे लुराहांकडे बघू लागले. लुराह म्हणाले, “कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे वागेच असणार.”

“माणूस चुकतो,” पुर्वोको माइकवर कडाडले, “यंत्र चुकत नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारीने बोटं मिटली आणि हात ओढणीखाली घेतला. “बरं झालं,” ती म्हणाली, “माझी बोटं आजपासून पेन्शनीत.” पुर्वोकोंनी त्या रात्री आरशात स्वतःकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीने, रात्रीने, जाहीर केलं की तिला गालिहशी लग्न करायचंय. मुलगा शहाणा, बंदरात नोकरीला, घरी सगळं व्यवस्थित. फक्त तो म्बाह वागियेमचा नातू होता.

म्हातारीने स्वतःच्या फोनवर, एका बोटाने, रात्रीची जन्मतारीख आणि संध्याकाळची सातची वेळ घातली. ॲपने उत्तर दिलं: पाहिंग. गालिह पडला वागेचा. पाहिंग आणि वागे यांची सोयरीक कुणी करत नाही. केली तर म्हणे घरात ना धान्य टिकतं ना माणूस.

“अहो, रात्री पोनची आहे!” पुर्वोकोंच्या बायकोने, मुर्तीने, कपाळाला हात लावला. “मी जन्म दिलाय तिला. मगरिबची अजान होऊन गेली होती. सूर्य बुडाला की पुढचा वार लागतो हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तर नाव रात्री ठेवलं.”

“ॲपमध्ये तो नियम आहे,” पुर्वोको दुखावून म्हणाले. “सहा वाजून गेले की पुढचा वार. मी स्वतः लिहिलाय.”

“मग ते पाहिंग का म्हणतंय?”

पुर्वोकोंनी लॅपटॉप उघडला. लॅपटॉपवर तोच प्रोग्राम होता, त्याने सांगितलं: पोन. फोन उघडला. फोन म्हणाला: पाहिंग. पुन्हा लॅपटॉप: पोन. पुन्हा फोन: पाहिंग. दोन साक्षीदार, एकच गोष्ट, आणि दोघेही शपथेवर. ते तसेच लॅपटॉप बगलेत मारून म्हातारीकडे धावले.

“बघा म्बाह, माझ्या लॅपटॉपवर पोन येतंय.”

“छान!” म्हातारी म्हणाली. “मग लग्न तुमच्या लॅपटॉपमध्येच लावू. मांडव केवढा घालू या?”

“तुम्हीच बोटांवर मोजा ना. तुमची बोटं...”

“ती पेन्शनीत आहेत. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवून कबूल केलंय, यंत्र चुकत नाही. मी एकटी म्हातारी काय मोडणार?” ती गोड हसली. “रविवारी चहाला येते. वाट्टेल ते गोड करू नका हं, मीच नारळाचा विंगको घेऊन येईन.”

पुर्वोको लॅपटॉप मिटून निघाले. जावात होकार रिकाम्या हातानेही देतात. नकार द्यायचा असला की माणसं मिठाई घेऊन येतात.

सुराबायाला इबू रेत्ना, म्हणजे रेत्नाबाई, राहत होत्या. एके काळी पुर्वोकोंच्याच शाळेत शिकवत. मग नोकरी सोडून प्रोग्रामिंगमध्ये गेल्या आणि पुर्वोकोंच्या चौपट कमवू लागल्या, हे पुर्वोको कधी बोलून दाखवत नसत, म्हणजे महिन्यातून एकदाच दाखवत. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

“लॅपटॉपवर तुम्ही प्रोग्राम उघडाच चालवता. पण लोक वापरतात तो कुठे चालतो?”

“वस्तीच्या कचेरीत, टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर. तुम्हीच सांगितलं होतं तसा कंटेनरमध्ये भरून दिलाय.”

कंटेनर म्हणजे दुसरं काही नाही, डबा. प्रोग्रामला लागतं ते सगळं, मीठ-मिरचीपासून, एकाच डब्यात भरून झाकण लावायचं. मग डबा कुठेही उघडा, चव तीच. निदान जाहिरात अशी आहे.

“मग डब्यात शिरून बघा,” रेत्ना म्हणाल्या. “डीबगर जोडा. घरी बसून चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो, आणि त्या क्षणी आत काय आहे ते दिसतं. फक्त कचेरीच्या यंत्रात बाहेरून शिरायला तेवढं एक दार उघडून घ्या. पाच हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर नंबरचं.”

ही बातमी दुपारपर्यंत गल्लीत पसरली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या बाई म्हणाल्या, यंत्राखाली फुलं आणि काळी कॉफी ठेवा, त्यांच्या फ्रीजला गुण आला होता. कोपऱ्यावरचा लुंपिया तळणारा म्हणाला, मुलाचीच जन्मतारीख बदलून आणा. पुर्वोको सगळ्यांना हात जोडत होते आणि मनात प्रत्येकाची अक्कल मोजत होते.

कचेरीत दार उघडून हवं तर अर्ज हवा, अर्जावर सरकारी तिकीट हवं आणि अर्जासोबत गल्लीच्या प्रमुखाचं शिफारसपत्र हवं. माणूस जन्मला, मेला किंवा गावाबाहेर गेला तरी हे पत्र लागतंच. दाराला का सवलत मिळावी? गल्लीचे प्रमुख होते बापाक पोनिजान. इथे कथेला जरा मागे जावं लागतं, कारण पोनिजानांचा आणि पुर्वोकोंचा महिनाभर अबोला होता.

जुन्या पद्धतीप्रमाणे पोनिजानांचं नाव त्यांच्या वारावरून ठेवलेलं. पोनला, दिवेलागणीनंतर जन्मले म्हणून पोनिजान. ॲप त्यांना पाहिंग म्हणालं. ते तक्रार घेऊन आले तेव्हा पुर्वोको शांतपणे म्हणाले होते, “तुमच्या आईवडिलांची मोजदाद चुकली असेल.” एकसष्ट वर्षांच्या माणसाला भर गल्लीत असं सांगितल्यावर तो चहा प्यायला थांबत नाही.

आता त्याच माणसापुढे पुर्वोको हात चोळत उभे होते.

“पत्र देतो की,” पोनिजान पेन उघडत म्हणाले. “सही काय करू? पोनिजान, की तुमच्या यंत्राप्रमाणे पाइजान?”

“लाजवू नका, बापाक.”

“कसला डबा म्हणालात? कंटेनर? वीस फुटी की चाळीस फुटी?” पोनिजानांनी एकतीस वर्षं बंदरात कारकुनी केली होती, कंटेनर म्हटलं की त्यांना क्रेनच दिसायची. “कुठल्या बंदरातून निघाला? त्याच्या कागदांवर घड्याळ कुठलं?”

पुर्वोकोंना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण पोनिजान बहिरे नव्हते. त्यांनी सही केली आणि पत्र न बोलता पुढे सरकवलं.

कचेरीतल्या बाबूने अर्ज तीनदा वाचला. “दार उघडून मिळणेबाबत. कुठलं दार?”

“पाच हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर.”

“या कचेरीला दोन दारं आहेत, त्यातलं मागचं फुगलंय.”

“तसं नव्हे. कॉम्प्युटरचं दार. दिसत नाही ते.”

“न दिसणारं दार,” बाबूने लिहून घेतलं. “आणि बंद केव्हा करणार? म्हणजे आम्हाला वरती कळवायला.” शेवटी शुक्रवारी, कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं असताना, बाबूने पुर्वोकोंनाच टेबलाखाली बसवलं आणि स्वतः टॉर्च धरून उभा राहिला. दार उघडलं. बाबूने वाकून पाहिलं आणि काहीच दिसलं नाही म्हणून समाधानाने शिक्का मारला.

शनिवारी पुर्वोकोंनी डीबगर जोडला. नियमाच्या ओळीपुढे लाल ठिपका ठेवला की प्रोग्राम तिथे थांबतो. थांबला! रात्रीची तारीख, वेळ एकोणीस, म्हणजे संध्याकाळचे सात, सगळं जागच्या जागी. उत्तर: पोन. त्यांनी दीड तास पुन्हा पुन्हा तेच पाहिलं, घरात दोन फेऱ्या मारल्या, मुर्तीला म्हणाले, “दुरुस्त झालं. आपोआप!” मग रेत्नांना फोन केला.

“कुठे जोडलाय डीबगर?” रेत्नांनी विचारलं. “पत्ता वाचा.”

पुर्वोकोंनी वाचला.

“बापाक, तुम्ही स्वतःच्याच लॅपटॉपला जोडलाय.”

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा झाला असता. पुर्वोकोंनी खरा पत्ता घातला, तर प्रोग्राम भलत्याच रिकाम्या ओळीवर थांबू लागला. कारण असं निघालं की डबा कचेरीत दिल्यानंतर त्यांनी लॅपटॉपवरच्या प्रोग्रामच्या डोक्यावर चार ओळी वाढवल्या होत्या. त्यात स्वतःचं नाव, पदवी आणि ‘मूळ कल्पना व निर्मिती’ असं लिहिलं होतं. डब्यात त्या ओळी नव्हत्या, त्यामुळे सगळं चार ओळींनी सरकलं होतं. त्यांनी त्या चार ओळी पुसल्या. पुसताना कुणी बघत नाही ना, एवढं पाहून घेतलं.

रविवारी दहाला म्बाह वागियेम आली. हातात विंगकोचा पुडा होता, दोन किलोचा. मुर्तीने तो घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. रात्री दाराशी उभी होती. आदल्या दिवसापासून ती कुणाशी बोलली नव्हती. पुर्वोको आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे, कानाला फोन.

“म्बाह,” ते आतून ओरडले, “एकदाच, शेवटचं, तुमच्या फोनवर पुन्हा विचाराल का?”

“विचारते की. यंत्राला कुठे लाज आहे?” म्हातारीने चष्मा लावला आणि एकेक आकडा घातला.

“चालत्या डब्यात हात घालताय,” रेत्ना फोनवर बजावत होत्या. “तुम्ही थांबवलंत की अख्ख्या वस्तीचं थांबेल. झटकन बघा, झटकन सोडा.”

म्हातारीने शेवटचं बटण दाबलं, आणि पुर्वोकोंच्या पडद्यावर ती ओळ उजळली.

प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता. पण सहा महिने लिहून माणूस फक्त कागद लिहितो, चालताना त्याला कोण बघतं? कालव्यापलीकडे, कुलूप लावलेल्या कचेरीत, टेबलाखालच्या यंत्रात, यंत्रातल्या डब्यात, त्यांची ओळ पाऊल उचलून उभी होती. तिच्या हातात त्यांच्या मुलीचा जन्म होता. वर्ष होतं, महिना होता. बाहेरच्या खोलीत म्हातारीच्या फोनवर एक गोल गरगरत होता आणि तिचा प्रश्न इथे, त्यांच्या बोटाखाली, श्वास धरून थांबला होता. ‘झटकन’ हा शब्द ते साफ विसरले. देवळात गाभाऱ्याशी माणूस उभा राहतो तसे ते बघत राहिले.

“तास किती दिसतो?” रेत्ना ओरडत होत्या. “बापाक! तास!”

“बारा,” पुर्वोको म्हणाले. “पण तिने तर सात घातले. संध्याकाळचे सात.”

बाहेर म्हातारीने चहाचा घोट घेतला. “फिरतोय,” ती मुर्तीला म्हणाली. “फिरू दे. घाई नको करायला.”

तेवढ्यात पोनिजान फोन नाचवत घरात घुसले. “मास्तर! सभागृहाची नोंदणी अडकलीय! सुंतेचा कार्यक्रम आहे, माणसं माझ्या दारात उभी आहेत. दहा मिनिटं झाली नुसतं चाक फिरतंय!” ते आतल्या खोलीत शिरले, पडद्याकडे बघितलं आणि फोन खाली घेतला. “हे काय? हे बारा कशाचे?”

“माझ्या मुलीच्या जन्माचे,” पुर्वोको रडकुंडीला येऊन म्हणाले. “ती सातला जन्मली. सातचे बारा कसे होतात?”

पोनिजान पडद्याजवळ वाकले. “सात नव्हे, एकोणीस. एकोणिसातून सात गेले बारा.” त्यांनी मान वर केली. “मास्तर, हे जहाजाचं घड्याळ आहे! जहाज कुठूनही येवो, कागदावर वेळ इंग्लंडची. आम्ही वर सात तास मिळवायचो. नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचं. मी विचारलं होतं तुम्हाला, घड्याळ कुठलं. तुम्ही हसलात.”

“कोण आहेत हे?” फोनमधून रेत्ना म्हणाल्या. “अगदी बरोबर! तुमच्या लॅपटॉपला इथली वेळ माहीत आहे. डब्याला तुम्ही सांगितलीच नाहीत. न सांगितलेला डबा इंग्लंडच्या वेळेवर चालतो.”

“म्हणजे डब्यात...” पुर्वोको पडद्याकडे बघत म्हणाले.

“डब्यात अजून दुपार आहे,” पोनिजान म्हणाले. “तिथे सूर्य बुडालेलाच नाही.”

पुर्वोको खुर्चीत मागे टेकले. नियम बरोबर होता. प्रोग्राम इमानदारीने सूर्याकडे बघत होता आणि सूर्य डोक्यावर होता. गेले दोन महिने वस्तीतली संध्याकाळी जन्मलेली सगळी माणसं त्या अंधाऱ्या डब्यात भर दुपारी जन्मत होती.

“थांबलेल्या प्रोग्राममधली किंमत बदलता येते,” रेत्ना म्हणाल्या. “बारावर बोट ठेवा, खरा तास लिहा, सोडून द्या. घड्याळ कायमचं नंतर लावू.”

पुर्वोकोंनी बारा पुसले. एकोणीस लिहिले. कालव्यापलीकडच्या बंद कचेरीत, डब्यातला सूर्य त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ढकलला आणि बटण दाबलं.

“आलं!” बाहेरून मुर्ती किंचाळली.

“पोन,” म्हातारीने सावकाश वाचलं. चष्मा काढला. “मागल्या खेपेला पापणी लवायच्या आत उत्तर दिलं होतं मेल्याने. मुलीच्या लग्नाचं उत्तर असं देतात? आज कसा, चांगला विचार करून बोलला.”

रात्री दाराला टेकून रडायला लागली. पोनिजानांच्या फोनवरचं चाकही थांबलं. सगळं झालं होतं. पुर्वोकोंनी आता फक्त बाहेर येऊन, मान तुकवून, विंगको खायचा होता. ते बाहेर आलेही. पण बसता बसता त्यांना आठवलं: लुराहांचा नातू. रात्रीचे आठ. आठ म्हणजे डब्यात दुपारचा एक.

ते तसेच अर्धवट वाकून राहिले. गप्प बसलं तर लग्न होतंय. बोललं तर म्हातारी म्हणेल, मग आजचं उत्तर तरी कशावरून खरं? मुर्ती त्यांच्याकडे बघत होती. नवऱ्याचा असा चेहरा झाला की काहीतरी महागात पडतं हे तिला पंचवीस वर्षांत कळलं होतं.

“म्बाह,” ते जमिनीवर तिच्या पायाशी बसले, “आत्ताचं उत्तर यंत्राने दिलं नाही. मी आत हात घालून तास दुरुस्त केला. खरा तासच लिहिला, पण हात माझा होता. यंत्राला मी इथलं घड्याळ दिलंच नव्हतं. आणि उद्घाटनाला... तो मुलगा क्लिवोनचाच आहे. तुमची बोटं बरोबर होती. मी चुकलो आणि टाळ्या घेतल्या.” मग ते पोनिजानांकडे वळले. “तुमचे आईवडीलही बरोबर होते, बापाक.”

पोनिजानांनी उगाच घसा खाकरला.

“ठाऊक आहे मला,” म्हातारी म्हणाली.

“काय?”

“क्लिवोन. आणि ही पोरगी पोनची, तेही. ती जन्मली त्या संध्याकाळीच मोजलं होतं मी.” तिने विंगकोचा एक तुकडा तोडला. “पण तुम्ही दीडशे माणसांदेखत मला खोटं पाडलंत. म्हटलं, बघू या, हा मास्तर चूक सापडल्यावर सांगतो का लपवतो. लपवणाऱ्याच्या घरची मुलगी मी वार जुळला तरी नेली नसती.”

“आणि तो पुडा?” मुर्तीने विचारलं. “आम्ही समजलो, नकार.”

“दोन्हीकडून उपयोगी पडतो,” म्हातारी म्हणाली. “दोन किलो आणला होता तो काय उगाच? घे पोरी, खा.”

आतल्या खोलीत फोनमधून बारीक आवाज येत होता, “दार बंद केलंत का? बापाक? दार!” तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“मग तारीख?” मुर्तीने भीत भीत विचारलं. “ॲपला विचारू या का... घड्याळ लावल्यावर?”

म्हातारीने ओढणीखालून हात बाहेर काढला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. अंगठा पेरांवरून चालू लागला, एक पेर, दुसरं पेर, ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुर्वोको त्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघत होते. तिथे ना दाराचा नंबर होता, ना अर्ज, ना शिक्का, आणि घड्याळ ब्याऐंशी वर्षं बरोबर होतं. मधल्या बोटाच्या टोकाशी अंगठा थांबला. पुर्वोको पुढे वाकले. आत काय चाललंय ते बघायची इथे काही सोय नव्हती.

“पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार,” म्हातारी म्हणाली. “लेगी. चांगला आहे. पण कार्य मगरिबच्या आत उरका, मास्तर. नंतर वार बदलतो.”